एव्हर्ली ब्रदर्सना बीटल्सनी संपवलं नाही

'दॅट्स ओल्ड फॅशन्ड' हे एव्हर्ली ब्रदर्स या अमेरिकी गायक-जोडीचं अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत पोचलेलं शेवटचं गाणं. साल १९६२. बीटल्स न्यूयॉर्कला उतरले ते फेब्रुवारी १९६४ मध्ये. मधे दीड वर्षाहून जास्त काळ गेलेला. तरीही डॉन आणि फिल या भावांची गोष्ट सांगताना दोनच कारणं पुढे केली जातात. एक, ब्रिटिश बँडांची लाट आली आणि हे त्यात वाहून गेले. दुसरं, भावाभावांत बेबनाव झाला आणि जोडी फुटली. दोन्ही गोष्टी घडल्या, त्यात वाद नाही. पण घसरण सुरू झाली तेव्हा बीटल्स क्लबांमधून यांचीच गाणी गात होते आणि हे दोघे भाऊ अजून एकत्र गात होते. मग बिनसलं कुठे? माझ्या मते त्याचं उत्तर १९६१ सालच्या एका भांडणात आहे. ते भांडण गाण्याच्या मालकीवरून आणि त्यावर मिळणाऱ्या सेंटांवरून झालं. त्याने या जोडीची गाणी तीन वर्षं तोडली, आणि ती तीन वर्षं त्यांना पुढे कधीच भरून काढता आली नाहीत.

हे नीट कळायला आधी ही जोडी कशी तयार झाली ते पाहावं लागतं.

कोळसा, बियाणं आणि रेडिओ

वडील आइक एव्हर्ली केंटकी राज्यातल्या म्यूलनबर्ग काउंटीचे. तो सगळा कोळशाचा पट्टा. आइक लहान वयातच खाणीत उतरले. त्या भागात गिटार वाजवायची एक खास पद्धत होती. अंगठ्याने खर्जाच्या तारांवर ठेका चालू ठेवायचा आणि तर्जनीने वरच्या तारांवर चाल काढायची, म्हणजे एकटाच माणूस दोन वादकांचं काम करतो. पुढे मर्ल ट्रॅव्हिस या गिटारवादकामुळे ही पद्धत अमेरिकाभर पोचली. आपण ती कोणाकडून उचलली हे सांगताना ट्रॅव्हिस मोझ रेगर आणि आइक एव्हर्ली यांची नावं घ्यायचा. डॉनचा जन्म १ फेब्रुवारी १९३७ चा, ब्राउनी नावाच्या खाणवस्तीतला. पुढे आइकनी खाण सोडली, कुटुंब शिकागोला गेलं आणि तिथे १९ जानेवारी १९३९ ला फिल जन्मला.

शिकागोतून ही मंडळी आयोवा राज्यातल्या शेनन्डोआ या छोट्या गावी आली. गाव छोटं, पण तिथे दोन रेडिओ केंद्रं होती आणि दोन्ही बियाणं विकणाऱ्यांनी काढलेली. केएमए हे अर्ल मे यांच्या बियाणे कंपनीचं, केएफएनएफ हेन्री फील्ड यांच्या कंपनीचं. शेतकऱ्याने सकाळी रेडिओ लावावा, गाणी ऐकावीत आणि बी-बियाणं आपल्याकडून मागवावं, असा तो सरळ व्यवहार. एव्हर्ली कुटुंब भल्या सकाळी तिथे गायचं: आइक, आई मार्गारेट, 'लिटल डॉनी' आणि 'बेबी बॉय फिल'. कार्यक्रम आटोपला की पोरं शाळेत.

या सकाळच्या कामाचं महत्त्व मला फार वाटतं. पुढे लोक या दोघांच्या सुरांना निसर्गाची देणगी म्हणाले. देणगी होतीच, पण थंडीच्या दिवसांत, झोप पुरती उडालेली नसताना, मायक्रोफोनपुढे उभं राहून पहिल्याच फटक्यात सूर लावायचा आणि चुकलं तर ते सगळ्या पंचक्रोशीने ऐकायचं, अशी वर्षानुवर्षांची तालीम त्या देणगीच्या मागे आहे. दहा-बारा वर्षांच्या वयात ही दोन मुलं धंदेवाईक गायक होती.

१९५३ मध्ये कुटुंब टेनेसी राज्यात नॉक्सव्हिलला गेलं. तिथे कॅस वॉकर या किराणा दुकानांच्या मालकाने चालवलेल्या रेडिओ कार्यक्रमात ते गायले. तोपर्यंत काळ बदलत होता. केंद्रावर माणसं बोलावून गाऊन घेण्यापेक्षा तबकड्या लावणं स्वस्त पडायला लागलं होतं. काम संपलं. आइक न्हाव्याचं काम शिकले आणि मार्गारेट ब्यूटी पार्लरचं. घरची चूल एका मालकाच्या मर्जीवर चालते आणि ती मर्जी फिरली की काय होतं, हे या मुलांनी चौदा-सोळाच्या वयात पाहिलं. पुढच्या गोष्टीत तसाच आणखी एक मालक येणार आहे.

आइकची एक जुनी ओळख मात्र कामी आली. नॅशव्हिलचे गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्स आइकच्या वादनाचे चाहते होते. त्यांच्या शब्दाने डॉनचं 'दाउ शॅल्ट नॉट स्टील' हे गाणं किटी वेल्सपर्यंत पोचलं आणि १९५४ मध्ये तिने ते गायलं. शाळकरी पोराचं गाणं कंट्री संगीताच्या, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण वळणाच्या गाण्यांच्या, सर्वांत मोठ्या गायिकेच्या तोंडी गेलं.

सा आणि ग

आपल्या कानांना या गायकीची सवय नसते, म्हणून इथे थोडं थांबतो. आपल्याकडे भजनात वीस माणसं गायली तरी सगळी एकाच सुरात एकच चाल गातात. जुगलबंदीत दोघे आळीपाळीने गातात. एव्हर्ली भावांचं तसं नाही. डॉन सा लावतो त्याच क्षणी फिल ग लावतो. डॉन रे वर गेला की फिल म वर, डॉन ग वर की फिल प वर. शब्द तेच, लांबी तीच, श्वास घ्यायची जागाही तीच. अंतर मात्र सारखं राहत नाही. सा ते शुद्ध ग मोठं पडतं, रे ते म लहान. त्यामुळे दोन रेषा समांतर चालल्या तरी त्यांच्यातली हवा सारखी कमी-जास्त होत राहते. त्यातूनच तो गोड आणि थोडा दुखरा रंग येतो.

ही रीत त्यांनी शोधली नाही. डेल्मोर ब्रदर्स, मन्रो ब्रदर्स, ब्लू स्काय बॉइज, लूव्हिन ब्रदर्स अशी भावांच्या जोड्यांची मोठी परंपरा अमेरिकेच्या दक्षिणेत होती. सख्ख्या भावांचे गळे एका घडणीचे, बोलीही एकाच घरातली, त्यामुळे 'आ' आणि 'ओ' दोघांचे सारखे उमटतात. म्हणून आवाज एकमेकांत असे मुरतात. तिकडे याला 'ब्लड हार्मनी' म्हणतात. पण जुन्या जोड्यांमध्ये बहुतेक वेळा एकाची चाल आणि दुसऱ्याची साथ हे ऐकताना कळायचं. डॉन-फिलच्या बाबतीत ते कळत नाही. डॉनचा आवाज खालचा आणि भरदार, फिलचा वरचा आणि निमुळता. नुसती फिलची ओळ गुणगुणली तरी ती स्वतंत्र, पुरी चाल वाटते. गाण्याच्या मधल्या भागात डॉन एकटा गातो तेव्हा कुठे लक्षात येतं की इतका वेळ आपण दोन माणसं ऐकत होतो.

यात डॉन वाट काढायचा आणि फिल त्याच्या मागे जायचा. डॉनने एखादा शब्द ओढला की फिलने तो तेवढाच ओढायला हवा. म्हणून जुन्या चित्रफितींत फिलची नजर पुन्हा पुन्हा भावाच्या तोंडाकडे जाताना दिसते. आयुष्यभर हे करायचं म्हणजे दोघांपैकी कोणालाच स्वतःच्या लहरीने गायची मुभा नाही. बेबनावाची मुळं कोणाला शोधायची असतील तर ती इथेही सापडतील.

एकाच छताखाली

कोलंबिया कंपनीसाठी त्यांनी केलेली पहिली तबकडी, 'कीप अ-लव्हिन मी', १९५६ ची. चालली नाही. कंपनीने हात वर केले. चेट अ‍ॅटकिन्सनी त्यांना वेस्ली रोझकडे पाठवलं.

वेस्ली रोझ समजून घेतल्याशिवाय हे प्रकरण उलगडत नाही. त्यांचे वडील फ्रेड रोझ आणि गायक रॉय अ‍ॅकफ यांनी १९४२ मध्ये नॅशव्हिलला अ‍ॅकफ-रोझ ही गीतप्रकाशन संस्था, म्हणजे गाण्यांची मालकी सांभाळून त्यांवरची रॉयल्टी गोळा करणारी कंपनी, काढली होती. कंट्री गायक हँक विल्यम्सची गाणी याच संस्थेची. वेस्ली मूळचे हिशेबनीस. वडिलांच्या पश्चात कारभार त्यांच्या हाती आला. त्यांनी भावांना सांगितलं की गीतकार म्हणून माझ्याशी करार करा, मी तुम्हाला रेकॉर्ड कंपनी मिळवून देतो. भावांनी सही केली. रोझनी शब्द पाळला आणि त्यांना न्यूयॉर्कच्या कॅडेन्स रेकॉर्ड्सच्या आर्ची ब्लेयरकडे नेलं. रोझ त्यांचे मॅनेजरही झाले.

गाणी कुठून आणायची? तीही याच छताखाली होती. फेलिस आणि बूडलो ब्रायंट हे जोडपं अ‍ॅकफ-रोझसाठी लिहायचं. बूडलो आधी अटलांटाच्या फिलहार्मनिकमध्ये व्हायोलिन वाजवायचा. मिलवॉकीच्या एका हॉटेलात त्याचा कार्यक्रम होता आणि त्याच हॉटेलात फेलिस लिफ्ट चालवायची, तिथे १९४५ मध्ये त्यांची गाठ पडली. त्यांचं 'बाय बाय लव्ह' बऱ्याच गायकांनी नाकारलेलं होतं. १९५७ च्या सुरुवातीला नॅशव्हिलच्या स्टुडिओत ते या दोघांनी गायलं. डॉनने त्यात स्वतःची एक भर घातली. गिटारच्या तारा त्याने अशा लावून घेतल्या होत्या की बोट न ठेवताही पूर्ण कॉर्ड, म्हणजे जुळणाऱ्या सुरांचा गुच्छ, वाजेल, आणि बो डिड्ली या काळ्या गिटारवादकाच्या धर्तीचा एक झणझणीत ठोका त्याने गाण्याच्या तोंडाशी बसवला. तो ठोका त्याच्याच एका वेगळ्या गाण्यासाठी तयार केलेला होता. घरातली कंट्री गायकी आणि शहरातल्या काळ्या संगीतकारांचा ताल असे एकत्र आले, आणि रॉक अँड रोल ऐकणारी पोरं आणि कंट्री ऐकणारे त्यांचे आईबाप अशा दोघांनाही ते आपलं वाटलं. पॉपच्या यादीत गाणं दुसरं, कंट्रीच्या यादीत पहिलं.

मग रांगच लागली. 'वेक अप लिटल सूझी' त्याच वर्षी पहिल्या क्रमांकावर. सिनेमा बघता बघता डोळा लागलेले एक मुलगा आणि एक मुलगी पहाटे चारला जागे होतात एवढीच गोष्ट, पण बोस्टनमध्ये काही केंद्रांनी ते लावायला नकार दिला. १९५८ मध्ये 'ऑल आय हॅव टू डू इज ड्रीम' पॉप, कंट्री आणि रिदम-अँड-ब्लूज (काळ्या श्रोत्यांचं संगीत) या तिन्ही याद्यांत पहिलं. पुढे 'बर्ड डॉग'. ही सगळी ब्रायंट दांपत्याची. चेट अ‍ॅटकिन्सची गिटार, बडी हार्मनचे ड्रम, लाइटनिन चान्सचा बास, हे वादकही तेच ते.

यशाच्या भरातही १९५८ मध्ये त्यांनी 'साँग्ज अवर डॅडी टॉट अस' हा अल्बम काढला. एक गिटार, एक बास आणि वडिलांनी शिकवलेली जुनी, मरणाबिरणाची गाणी. एकविशीच्या आसपासच्या दोन तारकांनी, मुली त्यांच्या नावाने किंचाळत असताना, असा अल्बम करावा याचं मला आजही अप्रूप वाटतं. त्यांना ऐकायला सुरुवात करायची असेल तर मी हाच सुचवीन.

आता या व्यवस्थेकडे जरा हिशेबाच्या नजरेने पाहा. मॅनेजर रोझ. भावांच्या स्वतःच्या गाण्यांचे प्रकाशक रोझ. ब्रायंट दांपत्याच्या गाण्यांचे प्रकाशकही रोझ. अमेरिकेत तेव्हा कायद्याने एका गाण्यामागे दर तबकडीला दोन सेंट रॉयल्टी ठरलेली होती, आणि १९०९ पासून १९७७ अखेरपर्यंत तो आकडा हलला नाही. प्रकाशक आणि गीतकार यांच्यात ती साधारण निम्मी-निम्मी वाटली जाई. तबकडीला दोन बाजू, म्हणजे दोन गाणी. तबकडी दहा लाख खपली आणि दोन्ही गाणी रोझच्या घरातली असली, तर चाळीस हजार डॉलर रोझच्या दारातून जाणार आणि त्यातले निम्मे तिथेच राहणार. त्यामुळे भावांनी अ‍ॅकफ-रोझबाहेरचं गाणं गाऊ नये यात मॅनेजरचा थेट स्वार्थ होता. सगळं सुरळीत होतं तोवर या गोष्टीकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, कारण ब्रायंट दांपत्याची गाणी खरोखरच उत्तम होती.

'कॅथीज क्लाउन'

१९६० मध्ये भावांनी कॅडेन्स सोडली आणि नव्याने उभ्या राहिलेल्या वॉर्नर ब्रदर्स रेकॉर्ड्सशी करार केला. दहा वर्षांचा, दहा लाख डॉलरचा करार म्हणून तो गाजला. पहिलं गाणं 'कॅथीज क्लाउन'. ब्रिटनमध्ये वॉर्नरची पहिलीवहिली तबकडी हीच, क्रमांक डब्ल्यूबी १. अमेरिकेत ते पाच आठवडे पहिलं होतं, ब्रिटनमध्ये त्याहून जास्त.

जेमतेम अडीच मिनिटांचं गाणं. सुरुवातीलाच दोघे एकत्र येतात, आणि इथे त्यांनी नेहमीची समांतर चाल सोडली आहे. फिल वरचा एकच सूर धरून तिथेच थांबतो. डॉन त्याच्या जवळून सुरुवात करून पायरी पायरीने खाली उतरतो. दोघांमधलं अंतर दर शब्दाला वाढत जातं. त्याखाली ड्रमचा लष्करी कवायतीसारखा ठेका आहे. ध्वनियंत्रक बिल पोर्टरने टेपची युक्ती करून एका ड्रमरचे दोन ड्रमर वाटतील असा तो आवाज काढला. मग अंतऱ्यात डॉन एकटा. प्रेयसी ज्याची गावभर फजिती करतेय असा तो माणूस, ताठ मानेने चालायचा प्रयत्न करतो आणि पाय मात्र जड पडतात. ड्रम ताठ, डॉनचा सूर ढळतोय, वर फिलचा सूर हलत नाही. शब्द कळले नाहीत तरी मानहानी कळते.

दोन वर्षांनी बीटल्सनी 'प्लीज प्लीज मी' केलं तेव्हा जॉन लेननची चाल खाली उतरत असताना पॉल मॅकार्टनी वरच्या सुरावर थांबून राहिला. ही युक्ती 'कॅथीज क्लाउन'मधली.

'टेम्प्टेशन'

१९६१. डॉनच्या डोक्यात 'टेम्प्टेशन' हे गाणं नव्या पद्धतीने बांधायचं होतं. गाणं १९३३ चं, बिंग क्रॉस्बीने सिनेमात गायलेलं. डॉनने त्याला मोठे ड्रम आणि स्त्रियांचा कोरस दिला. रोझनी विरोध केला. गाणं बाहेरचं होतं, अ‍ॅकफ-रोझला त्यातून एक सेंटही मिळणार नव्हता. फक्त पैशांसाठीच त्यांनी अडवलं की त्यांना ती बांधणी खरंच पसंत नव्हती, यावर माणसं वेगवेगळं बोलतील. पण मॅनेजर आणि प्रकाशक एकच असला की त्याच्या आवडी-निवडीवर शंका येणारच. भाऊ हटले नाहीत. तबकडी आली, ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली, अमेरिकेत सत्ताविसाव्यापर्यंतच पोचली. भावांनी रोझना मॅनेजर म्हणून सोडलं.

मॅनेजर सोडता आला, प्रकाशक सोडता आला नाही. त्यानंतर काय झालं ते नीट पाहायला हवं, कारण सगळी मेख तिथेच आहे.

एक, ब्रायंट दांपत्य अ‍ॅकफ-रोझशी बांधलेलं होतं. त्यांची नवी गाणी भावांना मिळणं थांबलं.

दोन, डॉन आणि फिल स्वतःही गीतकार म्हणून त्याच संस्थेशी बांधलेले होते. त्यांनी जे लिहिलं त्याची मालकी अ‍ॅकफ-रोझची. अमेरिकी कायद्यात एक तरतूद आहे. एखादं गाणं मालकाच्या संमतीने एकदा तबकडीवर आलं की पुढे ठरलेली रॉयल्टी भरून ते कोणीही गाऊ शकतं. पण पहिल्यांदा कोणी गायचं हे मालक ठरवतो. म्हणजे डॉनने सकाळी लिहिलेलं नवं गाणं डॉनलाच संध्याकाळी स्टुडिओत गाता येईना. 'टिल आय किस्ड यू', 'कॅथीज क्लाउन', 'व्हेन विल आय बी लव्ह्ड' ही गाणी लिहिणारी माणसं आपल्याच गाण्यांना मुकली. त्यांनी जिमी हॉवर्ड या टोपणनावाने काम करून पाहिलं. ते उघडकीला आलं आणि त्या गाण्यांचे हक्कही अ‍ॅकफ-रोझकडेच गेले.

त्या वर्षांतले अल्बम पाहिले की हा दुष्काळ उघड दिसतो. 'बोथ साइड्स ऑफ अ‍ॅन ईव्हनिंग', 'इन्स्टंट पार्टी', नाताळची गाणी, १९६३ मध्ये इतरांच्या गाजलेल्या कंट्री गाण्यांचा अल्बम. जुनं, दुसऱ्याचं, आधीच तबकडीवर आलेलं. गायकी अजून पहिल्यासारखीच आहे. हे अल्बम ऐकताना जीव तुटतो तो यामुळेच की आवाज ऐन भरात आहेत आणि गायला नवं काही नाही. बाहेरून चांगलं गाणं मिळालं तेव्हा ते चाललंच. १९६२ चं 'क्राइंग इन द रेन', कॅरोल किंग आणि हॉवर्ड ग्रीनफील्ड यांचं, सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. पण न्यूयॉर्कच्या गीतकारांना गाणी द्यायला इतर गायकही पुष्कळ होते. ब्रायंट दांपत्य मात्र या दोन गळ्यांचा अंदाज घेऊन लिहायचं.

बाकीची संकटं याच काळात आली. नोव्हेंबर १९६१ मध्ये दोघे अमेरिकी सैन्याच्या मरीन कोअरच्या राखीव दलात भरती झाले आणि सहा महिने प्रशिक्षणात गेले. त्यातच सुट्टी घेऊन बारीक कापलेल्या केसांनी, गणवेशात ते एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात गाऊन आले. न्यूयॉर्कमधला एक डॉक्टर तेव्हा बड्या लोकांना उत्तेजक द्रव्यांची इंजेक्शनं 'व्हिटॅमिन' म्हणून द्यायचा. डॉनला त्यातून व्यसन जडलं. ऑक्टोबर १९६२ मध्ये ब्रिटनच्या दौऱ्यावर तो कोसळला आणि त्याला अमेरिकेला परत न्यावं लागलं. उरलेला दौरा फिलने एकट्याने पार पाडला. डॉनच्या जागी त्यांच्या बँडमधला जोई पेज गायचा. फिलने त्या रात्री काय सोसलं असेल याची कल्पना करता येते. आयुष्यभर ज्याच्या तोंडाकडे पाहून सूर लावला तो माणूस शेजारी नाही आणि चाल तर तीच गायची आहे.

ब्रिटनचा पुरावा

रोझशी तडजोड झाली १९६४ मध्ये. तोपर्यंत बीटल्स आले होते. इथे 'लाटेत वाहून गेले' म्हणणाऱ्यांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. ब्रिटिश बँडांनीच या जोडीला संपवलं असेल, तर ती सर्वांत आधी ब्रिटनमध्ये संपायला हवी होती. झालं उलट. १९६५ मध्ये 'द प्राइस ऑफ लव्ह' ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं. बीटल्स, रोलिंग स्टोन्स, किंक्स असे सगळे बँड घरच्या मैदानात असताना. आणि ते गाणं कोणाचं? डॉन आणि फिलचं स्वतःचं. आपली गाणी गायची मुभा परत मिळताच त्यांनी दणदणीत, खरखरीत हार्मोनिका असलेलं, त्या वर्षाला शोभेल असं गाणं केलं.

अमेरिकेत मात्र ते शंभरांतही आलं नाही. तिथल्या श्रोत्यांना तीन वर्षं त्यांच्याकडून फारसं नवं काही मिळालं नव्हतं, आणि सोळा वर्षांच्या पोरांच्या बाजारात तीन वर्षं म्हणजे एक पिढी. १९५७ मध्ये 'सूझी' विकत घेणारी मुलगी १९६४ मध्ये लेकुरवाळी झालेली होती. तिच्या धाकट्या बहिणीला एव्हर्ली ब्रदर्स म्हणजे ताईच्या तबकड्या.

ब्रिटनमध्ये त्यांची नाळ तुटली नव्हती. १९६३ च्या शरद ऋतूत ते तिथे फिरले तेव्हा त्यांच्या आधी मंचावर येणाऱ्यांत, आपला पहिला राष्ट्रव्यापी दौरा करणारे रोलिंग स्टोन्स होते. १९६६ मध्ये हॉलीज या बँडबरोबर त्यांनी 'टू यँक्स इन इंग्लंड' हा अल्बम केला.

१९६८ चा 'रूट्स' हा अल्बम त्यांच्या उत्तम कामांत मोजावा असा. त्यात १९५२ च्या कौटुंबिक रेडिओ कार्यक्रमाचे तुकडे गुंफले आहेत, आइकच्या निवेदनासकट. विकला गेला नाही. कंट्री-रॉकची लाट पुढच्या काही वर्षांत आली आणि तीत त्यांचे चाहते श्रीमंत झाले. लिंडा रॉन्स्टाट या गायिकेने फिलचं 'व्हेन विल आय बी लव्ह्ड' १९७५ मध्ये अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत नेलं. सायमन आणि गारफंकल या गायक-जोडीने १९७० च्या त्यांच्या सर्वांत खपलेल्या अल्बममध्ये मैफिलीत गायलेलं 'बाय बाय लव्ह' घातलं. जोडी फुटेपर्यंत एव्हर्ली ब्रदर्स मात्र हॉटेलांच्या क्लबांत तीच जुनी गाणी रोज रात्री गात होते.

१४ जुलै १९७३, कॅलिफोर्नियातल्या ब्यूना पार्कचं नॉट्स बेरी फार्म हे करमणूक उद्यान. हा शेवटचा कार्यक्रम असं आधीच जाहीर झालं होतं. डॉन प्यायलेला, शब्द चुकत होते. फिलने गिटार आपटली आणि निघून गेला. उरलेला कार्यक्रम डॉनने एकट्याने केला. एव्हर्ली ब्रदर्स दहा वर्षांपूर्वीच मेले, असं तो त्या वेळी म्हणाला. १९७३ मधून दहा वजा केले की १९६३ येतं, गाणी तोडली गेली त्या दुष्काळाच्या ऐन मध्यावर.

दहा वर्षं दोघे भाऊ जवळजवळ बोलले नाहीत. १९७५ मध्ये आइक गेले, त्या अंत्यविधीला भेटले तेवढेच. एकेकट्याने केलेले अल्बम दोघांचेही चांगले आहेत, विशेषतः फिलने १९७३ मध्ये 'द एअर दॅट आय ब्रीद' हॉलीजच्या आधी गायलं होतं ते ऐकावं. पण लोकांना दोन आवाज हवे होते.

२३ सप्टेंबर १९८३ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये दोघे पुन्हा एकत्र गायले. जागा लंडन, हेही ओघानेच. पुढच्या वर्षी पॉल मॅकार्टनीने त्यांच्यासाठी 'ऑन द विंग्ज ऑफ अ नाइटिंगेल' लिहिलं, म्हणजे एका अर्थी उधारी फेडली. १९८६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या पहिल्याच तुकडीत त्यांची निवड झाली, २००१ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये. ३ जानेवारी २०१४ ला फिल फुप्फुसाच्या आजाराने गेला. २१ ऑगस्ट २०२१ ला डॉन.

शेवटचा खटला

कागद मात्र पुरते मिटले नव्हते. १९६० मध्ये 'कॅथीज क्लाउन'ची नोंद दोघांच्या नावाने झाली होती. जून १९८० मध्ये, दोघे बोलत नव्हते त्या वर्षांत, फिलने एका दस्तावर सही करून या गाण्यावरचे आपले हक्क डॉनकडे दिले. त्यानंतर एकट्या डॉनचं नाव लागत राहिलं. फिलच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसांनी आपला वाटा मागितला आणि २०१७ मध्ये डॉन नॅशव्हिलच्या फेडरल न्यायालयात गेला. गाण्याचा लेखक मी एकटा, असं त्याचं म्हणणं. पहिला निकाल त्याच्या बाजूने लागला, अपिलात २०२० मध्ये तो फिरला, पुन्हा सुनावणी होऊन २०२१ मध्ये डॉनच्याच बाजूने लागला. फेब्रुवारी २०२३ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला.

न्यायालयाने मुख्यतः हे पाहिलं की १९८० मध्ये डॉनने फिलचं लेखकपण नाकारलं होतं का, आणि फिलने मुदतीत त्याला आव्हान दिलं का. नाकारलं होतं आणि आव्हान दिलं नव्हतं. त्या कसोटीवर निकाल मला योग्य वाटतो. अंतऱ्याची चाल, तो ठेका, ती फजिती झालेल्या माणसाची कल्पना डॉनची असणार, हे गाणं ऐकूनही पटतं. पण सुरुवातीच्या त्या ओळीत डॉन खाली उतरतोय हे आपल्याला कळतं ते फिल वर थांबलाय म्हणून. मॅकार्टनीने उचलला तो फिलचा सूर, आणि रॉयल्टीच्या हिशेबात त्याला रकाना नाही.